किशोरवयीन प्रेम, वयातील अंतर आणि पालकत्व : 'शाळा', 'टाइमपास' व 'सैराट' यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

किशोरवयातील प्रेम हा मराठी कथात्म साहित्याचा आणि चित्रपटाचा एक लोकप्रिय विषय आहे. या विषयावरील समीक्षा बहुधा प्रेमिकांच्या भावविश्वाभोवती फिरते. कोवळ्या वयातील ओढ, तिची अव्यक्तता, जात आणि वर्ग यांमुळे होणारा तिचा कोंडमारा यांची चर्चा पुष्कळ होते. या प्रेमाला सामोरे जाणारे आईवडील मात्र कथेतील अडथळा म्हणूनच विचारात घेतले जातात. पालकांच्या काळजीत काही तथ्य असू शकते, किंवा ती काळजी चुकीच्या भाषेतून व्यक्त होत असल्यामुळे निष्फळ ठरते, या शक्यतेचा विचार क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी, रवी जाधव दिग्दर्शित 'टाइमपास' (२०१४) आणि नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (२०१६) हे दोन चित्रपट यांचा एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. शाळकरी वा कनिष्ठ महाविद्यालयीन वयातील मुलगी स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या, अधिक मोकळीक असलेल्या किंवा वेगळ्या थरातील मुलावर प्रेम करू लागली, तर घर त्याकडे कसे पाहते आणि कलाकृती त्या पाहण्याकडे कसे पाहते, हा तो प्रश्न होय. या तिन्ही कलाकृतींत वयातील अंतर ठळकपणे येतेच असे नाही. कोठे ते आहे पण दुर्लक्षित आहे, तर कोठे त्याची जागा जातीने घेतली आहे. परंतु हे अंतर कोणत्या गोष्टींखाली झाकले जाते, हे पाहिल्यास मराठी पालकत्वाविषयी महत्त्वाचे काही हाती लागते.

वयातील अंतर : एक अल्प पूर्वपीठिका

मराठी समाजात वधूवरांच्या वयातील अंतर हा वादाचा विषय पूर्वीपासून आहे. मात्र ते अंतर निवडणारे हात वेगळे होते. रखमाबाईंच्या विवाहाचा खटला १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा मुद्दा होता बालपणी, स्वतःच्या संमतीशिवाय झालेल्या विवाहाचे बंधन प्रौढ स्त्रीने मानावे की नाही हा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि त्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' (१८९९) या नाटकात तर पालकच अपराधी आहे. द्रव्यलोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो. वयातील अंतर येथे विक्राळ आहे आणि ते बापाने ठरवलेले आहे.

पुढे १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने आणि १९७८ च्या दुरुस्तीने विवाहाचे किमान वय वाढत गेले आणि मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस असे ठरले. या आकड्यांतच तीन वर्षांचे अंतर गृहीत धरलेले आहे. आजही ठरवून केलेल्या विवाहात वर मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असणे 'अनुरूप' समजले जाते. याच घरात मुलीने स्वतः निवडलेला मुलगा दोन वर्षांनी मोठा असला, तर मात्र 'तो मोठा आहे, तो तिला फसवील' असे म्हटले जाते. येथे आक्षेप अंतराला आहे की निवडीला, हा प्रश्न उपस्थित होतो. 'शारदा'पासून 'सैराट'पर्यंतच्या शतकभरात अंतराचे प्रमाण घटले, पण त्याहून मोठा बदल असा की अंतर निवडण्याचा अधिकार पालकांकडून पाल्याकडे सरकू लागला. घरातील अस्वस्थतेचे मूळ पुष्कळदा या स्थित्यंतरात सापडते.

याचा अर्थ काळजी निराधार आहे असा मात्र नाही. सत्तावीस आणि पंचवीस या वयांत दोन वर्षे नगण्य असतात. चौदा आणि सतरा या वयांत तीन वर्षे म्हणजे जवळजवळ वेगळे आयुष्य असते. मोठ्याजवळ वाहन असते, थोडेफार पैसे असतात, घराबाहेर राहण्याची मुभा असते. त्याच्या मित्रवर्तुळातील बोलणे-वागणे अधिक धीट असते. लहान असलेली व्यक्ती 'नाही' म्हणताना केवळ संकोचत नाही, तर नाते गमावण्याच्या आणि आपण बालिश ठरण्याच्या भीतीने पुष्कळदा 'हो' म्हणते. म्हणून अंतराचा प्रश्न मूलतः नीतीचा नसून समतोलाचा आहे. जे पालक हा समतोल तपासू पाहतात, ते योग्य प्रश्न विचारतात. मराठी कलाकृतींत हा प्रश्न विचारणारे पालक कितपत आढळतात, हे आता पाहावयाचे आहे.

'शाळा' : सांगता येण्याजोगे एक माणूस

'शाळा'चा काळ आणीबाणीचा, म्हणजे १९७५ नंतरचा आहे. नववीतील मुकुंद जोशी हा प्रथमपुरुषी निवेदक आणि त्याच वर्गातील शिरोडकर ही त्याच्या मनातील मुलगी. दोघे समवयस्क आहेत. त्यामुळे वयातील अंतराचा प्रश्न येथे प्रेमिकांमध्ये उद्भवत नाही. असे असूनही प्रस्तुत विवेचनासाठी ही कादंबरी पायाभूत आहे, कारण तिच्यात वयाने थोडे मोठे असलेले माणूस एका निराळ्या भूमिकेत येते. ते म्हणजे नरूमामा.

नरूमामा मुकुंदपेक्षा मोठा आहे, पण वडिलांच्या पिढीतील नाही. मुकुंद आपल्या मनातील प्रश्न त्याच्यापाशी काढू शकतो. प्रेम म्हणजे काय, आपल्याला जे वाटते ते तेच आहे काय, हे शाळेत विचारता येत नाही आणि घरात उच्चारता येत नाही. मामापाशी मात्र ते निघते. मामा त्याला उपदेशाच्या ओझ्याखाली दडपत नाही, किंवा त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊन मोकळाही होत नाही. मराठी कुटुंबरचनेत मामा या नात्याला जी सैल, लाडाची जागा आहे, तिचा बोकील यांनी अत्यंत नेमका उपयोग केला आहे. वडिलांचा अधिकार ज्याच्याकडे नाही पण घरातले म्हणून ज्याच्यावर विश्वास आहे, असे हे माणूस आहे.

याच्या उलट बाजूला शाळेतील घटना आहे. सुऱ्या केवड्याला गाठतो, प्रकरण शाळेपर्यंत जाते आणि मुलांना शिक्षा भोगावी लागते. या प्रसंगाकडे आज पाहताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, मुलीला झालेला त्रास खरा आहे आणि कादंबरी तो लपवीत नाही. मुलांच्या कंपूला जे शौर्य वाटते, ते मुलीच्या बाजूने भय असू शकते, ही जाणीव मुकुंदच्या निवेदनाच्या कडेकडेने वाचकाला होत राहते. दुसरी गोष्ट अशी की, प्रकरण शाळेच्या भिंतींत संपते. शिक्षा कठोर असली, अपमानकारक असली, तरी ती आयुष्यभराची नोंद होत नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदला जे आकळायचे ते त्या रिकामेपणातून आकळते. प्रौढांच्या हस्तक्षेपाने तो शहाणा झालेला नाही. त्याला कोणाशी तरी बोलता आले होते, म्हणून तो मोडूनही पडलेला नाही.

कादंबरीची एक मर्यादा येथे नोंदविणे आवश्यक आहे. नरूमामा मुकुंदला मिळतो. शिरोडकरचा 'मामा' कोण, हे वाचकाला कळत नाही. निवेदन मुलाचे असल्याने तिच्या घरातील संवाद निवेदनाच्या कक्षेबाहेर राहतो. कलादृष्ट्या हा दोष नव्हे. परंतु या परंपरेत मुलाच्या मनाला श्रोता मिळतो आणि मुलीच्या मनाला पहारा, ही वस्तुस्थिती त्यातून अधोरेखित होते. सुजय डहाके यांनी कादंबरीवर केलेला चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हाही ही मांडणी मुख्यतः कायम राहिली.

'टाइमपास' : हास्यास्पद बाप आणि निसटलेला प्रश्न

वयातील अंतर आणि पालकत्व यांचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे ज्या कलाकृतीत येऊ शकला असता, ती म्हणजे 'टाइमपास'. दगडू दहावीत नापास झालेला आहे. शाळेच्या चौकटीतून तो बाहेर पडला आहे. प्राजक्ता लेले शाळकरी आहे, अभ्यासू आहे, कडक शिस्तीच्या घरात वाढते आहे. दोघांतील अंतर वर्षांत मोजले तर फार नाही. पण एक जण शाळेच्या आत आणि दुसरा बाहेर, हे अंतर वर्षांपेक्षा मोठे आहे. दगडूचा दिवस त्याच्या हाती आहे, प्राजक्ताचा दिवस वडिलांच्या हाती आहे.

चित्रपटाच्या शीर्षकातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. या प्रेमाची सुरुवात प्रेम म्हणून होत नाही. मित्रांच्या संगतीत, वेळ घालविण्यासाठी एक मुलगी गाठावी, अशा खेळातून ती होते. पुढे दगडू बदलतो आणि खेळाचे प्रेम होते, हा कथेचा विकास आहे. परंतु प्रारंभबिंदूवर थांबून पाहिले तर असे दिसते की, एखाद्या विचारी पालकाला ज्याची भीती वाटावी, नेमके तेच येथे घडत आहे. थोडा मोठा मुलगा आपल्या कंपूच्या आग्रहाने लहान मुलीला लक्ष्य करतो आणि तिला ते ठाऊक नाही. या क्षणी पालकांची काळजी पूर्णतः न्याय्य ठरली असती.

चित्रपट मात्र ही काळजी उच्चारण्याची संधी माधवराव लेले यांना देत नाही, कारण लेले हे पात्र मुळातच हास्यास्पद केलेले आहे. हिंदी चित्रपटातील खलनायकावरून मुले त्यांना 'शाकाल' म्हणतात. वैभव मांगले यांच्या अभिनयाने हे पात्र स्मरणीय झाले आहे. लेले यांचा आक्षेप भाषेला, वस्तीला, संस्काराला आणि प्रतिष्ठेला आहे. दगडू तिच्याशी प्रामाणिक आहे काय, ती त्याला नकार देऊ शकते काय, तिला या नात्यात मान आहे काय, यांपैकी एकही प्रश्न ते विचारत नाहीत. ते विचारतात तो प्रश्न 'आपल्यातला' आणि 'त्यांच्यातला' या भेदाचा आहे. त्यामुळे प्रेक्षक सहजपणे दगडूच्या बाजूला जातो. वडिलांचा वर्गीय अहंकार हास्याने पराभूत होतो, हे योग्यच आहे. मात्र त्या हास्यात वडील विचारू शकले असते तो खरा प्रश्नही वाहून जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. हा लोकरंजनाचा चित्रपट आहे. त्याच्याकडून पालकत्वाच्या शिकवणुकीची अपेक्षा करणे समीक्षेच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरेल, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. कलाकृतीने बोध करावा अशी येथे मागणी नाही. परंतु लोकप्रिय कलाकृती समाजाच्या कल्पनाशक्तीची मर्यादा दाखवते. बाप म्हटला की तो एक तर पहारेकरी किंवा विदूषक, याशिवाय तिसरी शक्यता पटकथेला सुचत नाही, तेव्हा ती शक्यता समाजातही दुर्मीळ असावी असे अनुमान काढता येते. प्राजक्ताच्या एकाकीपणाचे चित्रण याला पुष्टी देते. तिच्याशी ज्याच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, अशी ती मुलगी आहे. जो पहिला मुलगा तिला हसवतो, त्याच्याकडे ती ओढली जाते. म्हणजे ज्या शिस्तीने मुलगी सुरक्षित राहील असे लेले मानतात, तीच शिस्त तिला अधिक असुरक्षित करते. दगडू भला निघाला हा कथेचा उदारपणा आहे. तो भला नसता, तरी प्राजक्ताने ते घरी सांगितले नसते. लेले यांच्या पालकत्वाचे खरे अपयश हे आहे आणि चित्रपट त्याच्या अगदी जवळ जाऊन मागे फिरतो.

'सैराट' : तक्रार नाकारणारी मुलगी

'सैराट'मध्ये विनोदाचा आधार सुटतो. अर्चना पाटील ही गावातील सत्ताधारी कुटुंबातील मुलगी आणि प्रशांत काळे हा मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा. दोघे कनिष्ठ महाविद्यालयात शिकतात. वयातील अंतर हा येथे मुद्दाच नाही. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, आधी बोलणारी आर्ची सामाजिक बळाने परश्यापेक्षा 'मोठी' आहे. मोठेपणा वयाने येतो, तसाच जातीने, जमिनीने आणि बापाच्या नावानेही येतो, हे हा चित्रपट दाखवतो. म्हणूनच वयाच्या प्रश्नाची चर्चा 'सैराट'शिवाय अपुरी राहते.

या चित्रपटातील एक प्रसंग प्रस्तुत विवेचनाचा मध्यबिंदू आहे. पळून गेलेले दोघे पकडले जातात. परश्या आणि त्याचे मित्र यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार तात्यांच्या प्रभावाने तयार होते. आर्ची ती तक्रार जुमानत नाही. ती कागद फाडते आणि मुलांना सोडण्यास भाग पाडते. प्रेक्षागृहात या प्रसंगाला उत्स्फूर्त दाद मिळणे स्वाभाविक आहे, कारण मुलीच्या नावाने केलेली खोटी तक्रार मुलगीच मोडून काढते.

परंतु कायद्याच्या प्रकाशात हाच प्रसंग वाचल्यास त्याचा अर्थ अधिक गडद होतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि शारीरिक संबंधास तिची संमती कायद्याला मान्य नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेत ही मर्यादा सोळा वर्षांची होती. २०१३ च्या दुरुस्तीने तीही अठरा झाली. आर्ची अठरा वर्षांखालील आहे असे समजल्यास आणि दोघांत शारीरिक जवळीक झालेली असल्यास, तिने फाडलेला कागद कायद्याच्या दृष्टीने फाटत नाही. तिचे 'हे माझ्या इच्छेने झाले' हे म्हणणे निरुपयोगी ठरते. तात्यांना खोटी तक्रार रचण्याचीही गरज उरत नाही. वय सिद्ध झाले की पुरे.

वयाच्या प्रश्नातील धोका येथे उघड होतो. जो प्रश्न 'टाइमपास'मध्ये विचारला जायला हवा होता, तोच प्रश्न 'सैराट'च्या जगात जातीच्या सूडाचा मुखवटा होऊ शकतो. तात्यांना मुलीच्या कोवळ्या वयाची चिंता नाही. मुलगी स्वजातीत, त्याच वयात, दहा वर्षांनी मोठ्या मुलाला द्यायची ठरली असती, तर त्यांनी मांडव घातला असता, अशी शंका चित्रपटातील त्यांच्या वर्तनावरून घेता येते. शेवटी आर्ची आईला फोन करते, नातू तिच्याशी बोलतो आणि त्यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. संवादाचा एकमेव उरलेला धागाच मृत्यूची वाट दाखवतो. आई ऐकते, पण त्या घरात ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता नाही. 'शाळा'तील मामा आणि 'सैराट'मधील आई यांच्यात हा फरक आहे.

कायद्याच्या दारातले पालकत्व

कलाकृतींबाहेरच्या वास्तवात हा प्रश्न किती व्यापक आहे, याची कल्पना एका अभ्यासावरून येते. एन्फोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील पॉक्सो न्यायालयांचे २०१६ ते २०२० या काळातील ७,०६४ निकाल तपासले. त्यांपैकी २४.३ टक्के प्रकरणे प्रेमसंबंधांची असल्याचे दिसून आले. अशा बहुतेक प्रकरणांत तक्रारदार मुलीचे आईवडील वा नातेवाईक होते. म्हणजे संकटग्रस्त बालकांसाठी केलेला कायदा प्रत्येक चार निकालांमागे सुमारे एका ठिकाणी कौटुंबिक अमान्यतेचे साधन म्हणून समोर आलेला आहे.

या कायद्यात वयातील थोड्या अंतराला फार मोठा अर्थ प्राप्त होतो. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी असेल तर मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचीही तरतूद आहे. मुलाने अठरावे वर्ष ओलांडलेले असेल तर तो थेट विशेष न्यायालयापुढे उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक प्रवेशात्मक हल्ल्यासाठी किमान शिक्षा दहा वर्षांची आहे आणि बालक सोळा वर्षांखालील असल्यास ती वीस वर्षांची आहे. एका वाढदिवसाने मुलगा आयुष्याच्या दुसऱ्याच बाजूला जाऊन पडतो. संतापाच्या भरात पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या पालकांना हे बहुधा ठाऊक नसते आणि नंतर तक्रार मागे घेऊ म्हटले, तरी ती सहजासहजी मागे येत नाही.

न्यायव्यवस्थेलाही या कोंडीची जाणीव झालेली आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका निकालात सोळा वर्षांवरील मुलीच्या संमतीच्या संबंधांबाबत वेगळी तरतूद सुचविताना दोघांतील वयाचे अंतर साधारण पाच वर्षांहून अधिक नसावे, असे मत व्यक्त केले होते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करण्यास नकार दिला. मात्र सोळा ते अठरा वयोगटात मूक संमती असलेल्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयास मार्गदर्शित स्वेच्छाधिकार द्यावा, असे सुचविले आणि वयातील अंतर हा त्यातील एक निकष मानला. याचा अर्थ कायद्याच्या विचारातही आता 'किती मोठा' हा प्रश्न 'मोठा आहे की नाही' या प्रश्नापासून वेगळा केला जात आहे. घरांनी हा भेद अद्याप आत्मसात केलेला नाही.

काळजी आणि मुखवटा

मग खरी काळजी आणि तिचा मुखवटा यांत फरक कसा करावयाचा? तिन्ही कलाकृतींच्या वाचनातून तीन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी समानतेची. हाच आक्षेप स्वजातीच्या, स्वभाषेच्या, स्वतःच्या पसंतीच्या मुलाबाबत घेतला गेला असता काय? घेतला गेला नसता, तर आक्षेप वयाला नाही. दुसरी कसोटी श्रवणाची. मुलीचे उत्तर ऐकून पालकांचे मत बदलण्याची शक्यता आहे काय? ती नसेल, तर विचारणे हे विचारणे नव्हे, चौकशी आहे. तिसरी कसोटी परिणामाची. पालकांच्या कृतीनंतर मुलगी पुढील अडचण घरी सांगण्याची शक्यता वाढते की घटते? लेले पहिल्या दोन कसोट्यांवर नापास होतात, तिसरीवर तर सर्वांत अधिक. तात्यांची तर परीक्षाच संभवत नाही. नरूमामा उत्तीर्ण होतो, पण तो पालक नाही, यात मराठी कुटुंबाची उणीव आहे.

या कसोट्यांचा अर्थ पालकांनी सर्व काही मान्य करावे असा नाही. भेटी कोठे व्हाव्यात, घरी किती वाजता परतावे, अभ्यासाचे काय, याविषयी मर्यादा घालणे हा पालकांचा अधिकार आणि कर्तव्यही आहे. थोड्या मोठ्या मुलाची ओळख करून घेणे, त्याला घरी बोलावणे, तो मुलीच्या नकाराचा मान राखतो काय हे पाहणे, आणि दबाव, पैशाची देवघेव, छायाचित्रांची मागणी अशी चिन्हे दिसताच ठामपणे मध्ये पडणे, हे सर्व खऱ्या काळजीत मोडते. अशा चिन्हांच्या बाबतीत कायद्याचा आधार घेणे हेही कर्तव्यच आहे. पहारा आणि मर्यादा यांत फरक एवढाच की, मर्यादेचे कारण पाल्याला सांगता येते.

समारोप

या चर्चेचा महाविद्यालयीन अध्यापकांशी निकटचा संबंध आहे. महाराष्ट्रात अनेक कनिष्ठ महाविद्यालये वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेली आहेत. अकरावीतील सोळा वर्षांची विद्यार्थिनी आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी एकाच ग्रंथालयात, एकाच स्नेहसंमेलनाच्या तालमीत, एकाच राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्तुळात भेटतात. थोड्या मोठ्या मुलाशी जुळणारे नाते ज्या आवारात सर्वाधिक स्वाभाविकपणे निर्माण होते, ते आवार अध्यापकांचे आहे. पालकांना कळण्यापूर्वी ते पुष्कळदा अध्यापकांना दिसते. त्या वेळी वर्गात टोमणा मारणे, घरी परस्पर फोन करणे किंवा काहीच न पाहिल्यासारखे करणे, या तीनच वाटा प्रचलित आहेत. 'सैराट'मधील लोखंडे सरांना वर्गातच मारलेली थोबाडीत शिक्षकाच्या अधिकाराची मर्यादा दाखवते. परंतु नरूमामाजवळही अधिकार नव्हता. त्याच्याजवळ वेळ होता आणि विश्वास होता. अपराधाची माहिती कळल्यास ती कळविण्याचे बंधन पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर घातले आहे, याचे भान ठेवूनच अध्यापकाला हे श्रोतेपण पत्करावे लागते. म्हणूनच प्रकरण तेथवर जाण्यापूर्वीच्या संवादाचे मोल अधिक आहे.

निष्कर्ष असा की, 'शाळा', 'टाइमपास' आणि 'सैराट' या कलाकृती किशोरप्रेमाच्या कथा म्हणून परिचित असल्या, तरी त्या घरातील संवादाच्या अभावाच्याही कथा आहेत. 'शाळा'त संवाद घराच्या कडेला, मामाच्या रूपाने टिकून राहतो. 'टाइमपास'मध्ये तो हास्यात विरतो. 'सैराट'मध्ये त्याचाच घात होतो. वयातील अंतर हा पालकांनी विचारण्याजोगा प्रश्न आहे, परंतु जात, भाषा आणि प्रतिष्ठा यांच्या आड तो विचारला गेला, की मुलीला तो ऐकू येत नाही, तिला केवळ नकार ऐकू येतो. मोठ्या मुलाबरोबर काही बिनसले, तर ती ज्या दाराशी परत यायला हवी, ते दार त्या नकाराने आधीच लावून घेतलेले असते. मराठी कादंबरीत आणि चित्रपटात ते दार उघडे ठेवणारे आईवडील ज्या दिवशी विदूषक वा खलनायक न होता मध्यवर्ती पात्र म्हणून अवतरतील, त्या दिवशी या विषयाचे चित्रण एक पाऊल पुढे गेले असे म्हणता येईल.